नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वनकवके

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वनकवके म्हणजे मराठवाड्याच्या या दोन जिल्ह्यांतील वनांत, वारुळांवर, माळरानांवर आणि जुन्या वृक्षांवर वाढणारी कवके होत. पावसाळ्यात लाकडावर व जमिनीवर दिसणाऱ्या त्यांच्या लाल, नारिंगी, पिवळ्या, तपकिरी व काळ्या फलकायांमुळे ती लक्ष वेधून घेतात. मराठीत त्यांना सर्वसाधारणपणे अळंबी, भूछत्र किंवा कुत्र्याची छत्री असे म्हणतात.

नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर तालुक्यांत सागाची शुष्क पानझडी वने आहेत. लातूर जिल्ह्यात मात्र वनक्षेत्र नाममात्र आहे. किनवटच्या वनासारख्या सागवनांत डोळ्यांना दिसणारी रंगीत कवके बहुतांशी मृत लाकूड व पालापाचोळा कुजवणारी असतात. वृक्षांच्या मुळांशी सहजीवन करणारी कवके जमिनीखाली राहतात आणि त्यांना छत्री येत नाही. या दोन्ही गटांच्या कार्यामुळे वनातील पोषकद्रव्ये पुन्हा वृक्षांना उपलब्ध होतात. त्यामुळे पडलेले लाकूड व पालापाचोळा वनातून काढून नेणे किंवा जाळणे याचा परिणाम केवळ कवकांवर नव्हे, तर संपूर्ण वनावर होतो.

## नावे व परिभाषा

‘कवक’ ही शास्त्रीय संज्ञा आहे. तिच्यात भाकरीवर येणारी बुरशी, पिकांवरील तांबेरा व भुरी, किण्व म्हणजे यीस्ट आणि अळंबी या सर्वांचा समावेश होतो. अळंबी किंवा अळिंबी हे कवकाच्या फलकायाचे, म्हणजे बीजाणू निर्माण करणाऱ्या भागाचे नाव आहे. खाद्य अळंब्यांना पूर्व विदर्भात सात्या व टेकोडे अशी नावे आहेत. नांदेड जिल्ह्याची सीमा तेलंगणाला लागून आहे. तेलुगू भाषेत अळंबीला ‘पुट्टगोडुगु’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘वारुळाची छत्री’ असा होतो. वारूळ आणि अळंबी यांचा संबंध लोकांच्या निरीक्षणात पूर्वीपासून होता, हे या नावावरून दिसते.

पूर्वी कवकांची गणना वनस्पतींत केली जात असे. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली आणि कवकांना स्वतंत्र सृष्टी मानले. कवकांत हरितद्रव्य नसते, त्यामुळे ती स्वतः अन्न तयार करू शकत नाहीत. त्यांच्या पेशीभित्तिका कायटिन या पदार्थाच्या असतात. हाच पदार्थ कीटकांच्या कवचातही आढळतो.

## भौगोलिक पार्श्वभूमी

नांदेड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,५०० चौरस किलोमीटर आहे. गोदावरी ही जिल्ह्यातील मुख्य नदी असून उत्तरेकडे पैनगंगा नदी यवतमाळ जिल्ह्याशी असलेल्या सीमेवरून वाहते. जिल्ह्यातील वने प्रामुख्याने किनवट, माहूर, हदगाव, हिमायतनगर व भोकर या तालुक्यांत एकवटली आहेत. किनवट तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यात आला. येथील डोंगररांगा व वने आदिलाबादच्या वनांशी सलग आहेत. नदीच्या दोन्ही बाजूंचा काही भाग पैनगंगा अभयारण्यात येतो. हे अभयारण्य यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांत पसरले आहे.

या वनांत साग हा प्रमुख वृक्ष आहे. त्याच्याबरोबर धावडा, ऐन, सालई, तेंदू, मोह, पळस, खैर व बांबू आढळतात. हिवाळ्याच्या अखेरीपासून पानगळ सुरू होते आणि उन्हाळ्यात वनभूमीवर वाळलेल्या पानांचा थर साचतो.

लातूर जिल्हा १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,१५७ चौरस किलोमीटर आहे. बालाघाटच्या पठारावर वसलेला व मांजरा नदीच्या खोऱ्यातील हा जिल्हा मुख्यतः शेतीचा आहे. एकूण क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी भूभागावर वनाच्छादन असल्यामुळे तो राज्यातील सर्वांत कमी वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांत गणला जातो. उदगीर तालुक्यातील हत्तीबेट आणि चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ बेट यांसारख्या टेकड्या, नदीकाठ, देवस्थानांच्या परिसरातील जुनी झाडे आणि शेताच्या बांधावरील बाभूळ, कडुनिंब व आंबा ही येथील कवकांची मुख्य आश्रयस्थाने आहेत.

दोन्ही जिल्ह्यांत बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्यामुळे कवकांच्या वाढीस अनुकूल असा ओलसर काळ वर्षातून जेमतेम चार महिने असतो. उरलेल्या काळात ती लाकडाच्या आत किंवा मातीत सुप्तावस्थेत राहतात.

## रचना व जीवनचक्र

कवकाचा मुख्य भाग म्हणजे कवकजाल होय. ते अतिशय बारीक अशा कवकतंतूंचे बनलेले असते आणि लाकडात, पाचोळ्यात किंवा मातीत पसरलेले असते. वरून दिसणारी छत्री हा केवळ फलकाय आहे. झाडाला जसे फळ, तसा कवकाला फलकाय. छत्री तोडली किंवा ती सुकून गेली तरी कवकजाल जिवंत राहते आणि पुढील पावसाळ्यात पुन्हा फलकाय निर्माण करते.

कवकतंतू आपल्या टोकांतून विकरे म्हणजे एंझाइमे बाहेर सोडतात. ती भोवतालच्या पदार्थाचे विघटन करतात आणि तयार झालेली विद्राव्य द्रव्ये कवक शोषून घेते. अन्नाचे पचन शरीराबाहेर होत असल्यामुळे त्यातील काही पोषकद्रव्ये इतर सजीवांनाही मिळतात.

फलकायातून असंख्य बीजाणू बाहेर पडतात. छत्रीच्या खालच्या बाजूस पात्यांसारख्या पटलिका किंवा बारीक छिद्रे असतात व त्यांच्यावर बीजाणू तयार होतात. बहुतेक बीजाणू वाऱ्याने पसरतात. काही कवके पावसाचे थेंब, कीटक किंवा गुरांचे शेण यांद्वारेही बीजाणू पसरवतात.

## आढळणारे प्रमुख प्रकार

दख्खन व मध्य भारतातील शुष्क पानझडी वने, माळराने आणि बागा यांत पुढील प्रकार सामान्यपणे आढळतात.

### लाकडावर वाढणारी

- पिक्नोपोरस सँग्विनियस : पंख्याच्या आकाराचे, पातळ व भडक नारिंगी-लाल रंगाचे कवक. उन्हात पडलेल्या ओंडक्यांवर व फांद्यांवर ते वाढते. त्याची खालची छिद्रयुक्त बाजूही लाल असते. सिनाबारिन गटातील रंगद्रव्यांमुळे त्याला हा रंग येतो. या गटातील काही द्रव्ये जीवाणूंची वाढ रोखतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे.
- शिझोफायलम कम्यून : पांढरट-करड्या रंगाचे, वरून लवदार असलेले लहान पंख्यासारखे कवक. त्याच्या पटलिका लांबीच्या दिशेने दुभंगलेल्या असतात. कोरड्या हवेत त्या आत वळतात व पाऊस पडताच पुन्हा उघडतात. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत हे कवक आढळते.
- गॅनोडर्मा : लाखेचा लेप दिल्यासारखे चकाकणारे, तांबूस-तपकिरी कवक. ते जिवंत झाडाच्या बुंध्यावर व मुळांवरही वाढते. खैर, शिसू, बाभूळ यांसारख्या वृक्षांत ते मूळकूज घडवून आणते.
- ट्रॅमेटीस व मायक्रोपोरस : एकावर एक थर असलेली, तपकिरी, करड्या व पिवळसर वर्तुळाकार पट्ट्यांची पातळ कवके.
- डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथुलारिया : कुजलेल्या लाकडाच्या भेगांतून ओळीने उगवणारे, चमच्याच्या आकाराचे नारिंगी-पिवळे कवक. ते जेलीसारखे मऊ असते व वाळल्यावर आक्रसते.
- ऑरिक्युलेरिया : मानवी कानासारखे दिसणारे तांबूस-तपकिरी कवक. सुकल्यावर कडक होते व पाण्याने पुन्हा मऊ होते.
- डाल्डिनिया व झायलेरिया : काळ्या रंगाची धानीकवके. डाल्डिनियाचा गोळा कापल्यास आत एककेंद्री वलये दिसतात. झायलेरिया काळ्या बोटांसारखे असते.

### जमिनीवर व पाचोळ्यावर वाढणारी

- टर्मिटोमायसीस : वारुळांवर उगवणारी मोठी, खाद्य अळंबी.
- पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस : उंच देठाचे, लांबट व कधीही पूर्ण न उघडणारे कवक. कोरड्या माळरानावर व वारुळांवर ते आढळते. त्याचे बीजाणू काळपट असतात.
- सायथस : लहान पेल्यासारखे कवक. आत अंड्यांसारख्या चपट्या गोळ्या असल्याने ते पक्ष्याच्या घरट्यासारखे दिसते. पावसाचा थेंब पेल्यात पडला की या गोळ्या दूर उडतात.
- ल्युकोकोप्रिनस बर्नबॉमी : गंधकासारख्या पिवळ्या रंगाची नाजूक छत्री. बागेत व कुंड्यांतही येते. ती खाण्यायोग्य नाही.
- क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस : पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले असलेली मोठी छत्री. पक्व झाल्यावर तिच्या पटलिका हिरवट होतात. ती विषारी आहे.

### पानांवर वाढणारी

सागाच्या पानांच्या खालच्या बाजूस दिसणारी नारिंगी-पिवळी भुकटी ही ऑलिव्हिया टेक्टोनी या तांबेरा कवकाच्या बीजाणूंची असते. पानांवर पांढरट थर आणणारी भुरी अन्सिन्युला टेक्टोनी या कवकामुळे होते. रोपवाटिकांत तांबेऱ्यामुळे रोपांची पाने अकाली गळतात. मोठ्या वृक्षांवर त्याचा परिणाम तुलनेने कमी होतो.

ओल्या लाकडावर किंवा पाचोळ्यावर पसरणारा पिवळा, फेसाळ गोळा अनेकदा कवक समजला जातो. तो फ्युलिगो सेप्टिका हा श्लेष्मकवक असतो. नावात ‘कवक’ असले तरी श्लेष्मकवके खरी कवके नसून अमीबासदृश सजीवांच्या गटात मोडतात.

## रंगांचे कारण

फुलांचे रंग परागीभवनासाठी उपयुक्त असतात, तसे एकच स्पष्टीकरण कवकांच्या रंगांना लागू पडत नाही. जेलीसारख्या पिवळ्या व नारिंगी कवकांत गाजरातल्याप्रमाणे कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये असतात. काळ्या कवकांत मेलॅनिन असते. ते अतिनील किरणांपासून व शुष्कतेपासून संरक्षण देते. पानगळीनंतर ऊन थेट जमिनीवर येणाऱ्या वनात हे संरक्षण महत्त्वाचे ठरते. काही रंगद्रव्ये स्पर्धक जीवाणूंना रोखतात. फॅलस गटातील कवके मात्र दुर्गंध व चिकट द्रव यांनी माश्यांना आकर्षित करतात आणि त्यांच्यामार्फत बीजाणू पसरवतात.

रंगावरून कवक खाद्य आहे की विषारी, हे ठरत नाही.

## वनपरिसंस्थेतील भूमिका

### लाकडाचे विघटन

लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन यांचे बनलेले असते. लिग्निन हे अत्यंत टिकाऊ बहुवारिक असून त्याचे संपूर्ण विघटन प्रामुख्याने गदाकवकांतील काही जातीच करू शकतात. लिग्निनसह सर्व घटक कुजवणाऱ्या प्रक्रियेस श्वेतकूज म्हणतात, कारण उरलेले लाकूड फिकट व तंतुमय होते. पिक्नोपोरस, ट्रॅमेटीस व गॅनोडर्मा हे श्वेतकूज घडवणारे आहेत. सेल्युलोज नष्ट करून लिग्निन बरेचसे मागे ठेवणाऱ्या प्रक्रियेस तपकिरी कूज म्हणतात. त्यात लाकडाचे चौकोनी तुकडे पडतात.

सागाच्या मध्यकाष्ठात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असल्यामुळे ते कवकांना व वाळवीला दीर्घकाळ दाद देत नाही. बाहेरचे रसकाष्ठ मात्र लवकर कुजते. त्यामुळे पडलेल्या सागाच्या ओंडक्यावर बाहेरील थरात रंगीत कवके दिसतात आणि आतील गाभा अनेक वर्षे टिकून राहतो. याउलट सालईचे मऊ लाकूड लवकर कुजते. एकाच वनात जलद व मंद कुजणारे लाकूड असल्याने पोषकद्रव्ये एकाच वेळी मोकळी न होता टप्प्याटप्प्याने जमिनीत मिसळतात.

एका ओंडक्यावर येणारी कवकेही क्रमाने बदलतात. ताज्या तुटलेल्या लाकडावर शिझोफायलमसारखी कवके लवकर येतात, नंतर छिद्रयुक्त कवकांचे थर वाढतात आणि लाकूड मऊ झाल्यावर जेलीसदृश व छत्रीदार कवके दिसू लागतात. शेवटी लाकडाचा भुगा होऊन तो मातीत मिसळतो.

### मुळांशी सहजीवन

बहुसंख्य भूचर वनस्पतींच्या मुळांशी कवकांचे सहजीवन असते. त्याला कवकमूल म्हणतात. कवक मातीतील फॉस्फरस, जस्त व पाणी वनस्पतीला पुरवते आणि वनस्पती त्याला शर्करा व मेद यांच्या रूपात अन्न देते. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही असे सहजीवन आढळले आहे.

कवकमूलांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्यात कवक मुळांच्या पेशींच्या आत झाडाच्या फांद्यांसारखी रचना करते. त्याचे बीजाणू जमिनीखालीच तयार होतात आणि त्याला छत्री येत नाही. दुसऱ्यात कवक मुळांभोवती बाहेरून आवरण तयार करते. रसुला, बोलेटस, अमानिटा यांसारख्या अनेक आकर्षक छत्र्या या गटातील आहेत. मध्य व पूर्व भारतातील साल वृक्ष आणि हिमालयातील देवदारासारखे सूचिपर्णी वृक्ष व ओक दुसऱ्या प्रकारच्या कवकांशी सहजीवन करतात. साग पहिल्या प्रकारात मोडतो आणि पळस, खैर, बाभूळ यांसारखे त्याचे सोबतीही मुख्यतः त्याच प्रकारचे आहेत. नांदेडच्या वनांत साल नाही. सालवनात पावसाळ्यात जमिनीवर जशा विपुल रंगीत छत्र्या उगवतात, तशा सागवनात न दिसण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. जेथे निलगिरीची लागवड झाली आहे, तेथे पिसोलिथससारखी दुसऱ्या प्रकारची कवके निलगिरीसोबत येऊ शकतात.

दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत फॉस्फरस असला तरी तो कॅल्शियमशी बद्ध होऊन वनस्पतींना सहज मिळत नाही. मुळांच्या आवाक्याबाहेर पसरणारे कवकतंतू तो मिळवण्यास मदत करतात. म्हणून या भागात कवकमूलांचे महत्त्व विशेष आहे. रोपवाटिकेत सागाच्या रोपांना कवकमूलाचे संवर्धन दिल्यास त्यांची वाढ सुधारते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

भिन्न वृक्षांची मुळे कवकजालाद्वारे जोडली जातात व त्यातून कार्बनची देवाणघेवाण होते, असा निष्कर्ष सुझॅन सिमार्ड व सहकाऱ्यांनी कॅनडातील वनांतील प्रयोगांवरून १९९७ मध्ये मांडला. तो जगभर लोकप्रिय झाला. मात्र वनातील वृक्ष कवकांद्वारे एकमेकांना मदत करतात या व्यापक दाव्यास पुरेसा पुरावा नाही, अशी टीका २०२३ मध्ये काही कवकशास्त्रज्ञांनी केली असून हा विषय वादग्रस्त आहे.

### वाळवी व टर्मिटोमायसीस

ओडोन्टोटर्मिस प्रजातीची वाळवी लाकूड व पाने खाते. परंतु ते पूर्णपणे पचवण्यासाठी ती वारुळात टर्मिटोमायसीस कवकाची शेती करते. वाळवीच्या विष्ठेपासून स्पंजासारखे पोळे तयार होते व त्यावर कवक वाढते. कवकाने मऊ केलेले पोळे वाळवी पुन्हा खाते. या सहजीवनाचा उगम सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत झाला असावा, असे मानले जाते. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजर हाइम यांनी १९४२ मध्ये या प्रजातीला टर्मिटोमायसीस हे नाव दिले.

पावसाळ्यात जमिनीखालील पोळ्यापासून लांब मुळासारखा देठ वर येतो आणि वारुळावर छत्र्या उगवतात. मराठवाड्यात नागपंचमीला वारुळाची पूजा केली जाते. हा श्रावणाचा काळ अळंब्यांच्या हंगामाशी जुळतो. शुष्क वनात कोरड्या ऋतूमध्ये इतर कवकांचे कार्य थंडावते, पण वारुळाच्या आतील आर्द्रतेमुळे विघटन वर्षभर चालू राहते. तसेच वाळवीमुळे खालच्या थरातील माती वर येते.

### प्राण्यांसाठी अधिवास

जिवंत वृक्षाचा गाभा कवकांमुळे मऊ झाला की सुतार व तांबट पक्ष्यांना त्यात ढोली कोरणे सोपे जाते. सोडून दिलेल्या ढोलींचा उपयोग पिंगळा, पोपट, मैना व खारी करतात. भुंगेऱ्यांच्या अनेक जाती फक्त कवकांवर किंवा कुजणाऱ्या लाकडात जगतात. वृक्षरोग म्हणून गणली जाणारी काही कवके अशा रीतीने वनातील जैवविविधता वाढवतात.

### शैवाक

कवक व शैवाल यांच्या सहजीवनातून शैवाक तयार होते. खोडांवर व खडकांवर करड्या, हिरवट व पिवळ्या पापुद्र्यांच्या रूपात ते दिसते. मराठी स्वयंपाकात काळ्या व गोड्या मसाल्यात वापरले जाणारे दगडफूल हे शैवाकच आहे. बाजारातील दगडफूल मात्र मुख्यतः हिमालय व सह्याद्रीसारख्या दमट डोंगराळ भागांतून येते. शैवाके वायुप्रदूषणास संवेदनशील असतात, त्यामुळे हवेच्या शुद्धतेचे निदर्शक म्हणून त्यांचा अभ्यास केला जातो.

## मानवी उपयोग

किनवट-माहूर भागात गोंड, कोलाम, आंध व प्रधान या आदिवासी समाजांची वस्ती आहे. मध्य भारतातील वननिवासी समाजांमध्ये वारुळावरील अळंबी हे पावसाळ्यातील महत्त्वाचे अन्न मानले जाते. टर्मिटोमायसीसला वाळवीची साथ आवश्यक असल्याने तिची व्यापारी लागवड होऊ शकलेली नाही. ती वनातूनच गोळा करावी लागते.

लागवडीसाठी धिंगरी अळिंबी सोयीची आहे. ती गव्हाचे काड, भाताचा पेंढा व सोयाबीनचे भुसकट यांवर वाढते. लातूर व नांदेड हे सोयाबीन पिकवणारे प्रमुख जिल्हे असल्याने असा कच्चा माल येथे सहज उपलब्ध असतो. वनात लाकूड कुजवण्याची जी क्षमता कवकांत असते, तिचाच हा उपयोग आहे.

## विषबाधा

विषारी अळंबी ओळखण्याचे कोणतेही घरगुती लक्षण विश्वसनीय नाही. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडतो, विषारी अळंबीला कीड लागत नाही, भडक रंगाची अळंबीच विषारी असते, शिजवल्याने विष नष्ट होते, या सर्व समजुती चुकीच्या आहेत. जगातील सर्वांत घातक अळंब्यांपैकी काही पांढऱ्या किंवा फिकट हिरव्या रंगाच्या आहेत आणि त्यांतील अमाटॉक्सिन उकळल्यानेही नष्ट होत नाही.

क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस खाल्ल्यास काही तासांत तीव्र उलट्या व जुलाब होतात. अमाटॉक्सिनची लक्षणे बहुधा ६ तासांनंतर सुरू होतात. मध्यंतरी रुग्णास बरे वाटते, परंतु यकृताची हानी चालूच राहते. म्हणून वनातील अळंबी खाल्ल्यानंतर त्रास झाल्यास ताबडतोब रुग्णालयात जाणे आणि उरलेली अळंबी सोबत नेणे आवश्यक असते.

## धोके

- वणवा : फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेला पाचोळा सहज पेटतो. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून किंवा तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावण्याची प्रथा मध्य भारतात अनेक ठिकाणी आहे. आगीत पाचोळा, लहान लाकूड व वरच्या थरातील कवकजाल नष्ट होते आणि नायट्रोजन हवेत निघून जातो.
- मृत लाकूड काढणे : जळणासाठी पडलेले लाकूड गोळा करणे ही ग्रामीण गरज आहे. मात्र सर्व लाकूड काढले गेल्यास लाकूड कुजवणाऱ्या कवकांचा अधिवासच उरत नाही.
- एकसुरी लागवड : एकाच जातीच्या व एकाच वयाच्या वृक्षांच्या लागवडीत कवकांची विविधता कमी राहते आणि तांबेऱ्यासारखे रोग सहज पसरतात.
- अवर्षण : मराठवाड्यात वारंवार पडणाऱ्या दुष्काळात व पावसातील दीर्घ खंडात फलकाय येत नाहीत. २०१६ च्या टंचाईत लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते.
- जुनी झाडे तोडणे : लातूरसारख्या वनविरळ जिल्ह्यात बांधावरील व रस्त्याकडेची जुनी झाडे हीच कवकांची मुख्य आश्रयस्थाने आहेत. रस्ता रुंदीकरण व शेतीच्या विस्तारात ती नाहीशी होतात. नव्या रोपांवर जुन्या झाडांइतकी कवके येण्यास अनेक दशके लागतात.

## संवर्धन

गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी दिलेल्या आदेशानुसार राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून मृत, रोगट, मरणोन्मुख वा वाऱ्याने पडलेली झाडे आणि वाहून आलेले लाकूड काढण्यास मनाई करण्यात आली. हा आदेश कवकांना उद्देशून नसला तरी पैनगंगा अभयारण्यासारख्या क्षेत्रांत त्यांच्या अधिवासाला त्यामुळे संरक्षण मिळते. अभयारण्याबाहेरील वनांत काही मोठे ओंडके जागेवर राहू देणे, जाळरेषा वेळेवर तयार करणे व पाचोळा न जाळणे हे उपाय उपयुक्त मानले जातात.

## अभ्यास

जगात कवकांच्या सुमारे दीड लाख जातींचे वर्णन झाले आहे. प्रत्यक्षातील संख्या २२ ते ३८ लाख असावी, असा अंदाज हॉक्सवर्थ व ल्युकिंग यांनी २०१७ मध्ये मांडला. महाराष्ट्रात कवकांच्या अभ्यासाचे प्रमुख केंद्र पुण्यात आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेचे पुढे आघारकर संशोधन संस्था असे नामकरण झाले. या संस्थेत भारतीय कवकांचा राष्ट्रीय संवर्धसंग्रह असून कवकशास्त्रज्ञ अजरेकर यांच्या नावाने कवकांचा नमुनासंग्रह आहे. नांदेड येथे १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ हे दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे विद्यापीठ असून त्याचा उपपरिसर लातूर येथे आहे.

कवकाची ओळख पटवण्यासाठी त्याचे छायाचित्र वरून, खालून व बाजूने घेणे, ते कोणत्या झाडावर किंवा कशावर वाढले आहे याची नोंद करणे आणि बीजाणूंचा रंग पाहणे आवश्यक असते. त्यासाठी छत्रीची टोपी कागदावर पालथी ठेवून काही तास झाकून ठेवतात. कागदावर उमटलेल्या भुकटीवरून रंग कळतो. क्लोरोफायलम मॉलिब्डायटीसचा हिरवट ठसा या पद्धतीने सहज ओळखता येतो.

## हे सुद्धा पहा

- कवक
- अळिंबी
- शैवाक
- कवकमूल
- साग
- वाळवी
- पैनगंगा अभयारण्य
- किनवट तालुका